बुलेटसाठी कर्ज काढू का?

करवीर तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 34, शिरोली एमआयडीसीत नोकरी, हातात येणारा पगार 38,000. घरखर्च 26,000, विमा आणि भिशीचे हप्ते साडेचार हजार, म्हणजे महिन्याला साडेसात हजार उरतात. 65,000 ची एफडी सोडली तर दुसरी शिल्लक नाही. घरी वडिलांची 1998 ची बुलेट स्टँडर्ड 350 बरीच वर्षं बंद उभी आहे. वडील वारले, आरसी त्यांच्याच नावावर राहिली, आणि नोंदणीची मुदत 2023 मध्ये संपली. आता मागच्या शेडमध्ये वर्कशॉप उभारून ती स्वतःच्या हातानं बांधायची आहे. यादी अशी : इंजिन 500 सीसी करायचं किट 55,000, सेल्फ स्टार्ट 25,000, पुढचा डिस्क ब्रेक 20,000, पेंट-क्रोम-सीट 35,000, आणि कॉम्प्रेसर, लिफ्ट, हायड्रॉलिक प्रेस वगैरे 50,000. एकूण 1,85,000. त्यासाठी 14 टक्क्यांनी 1,20,000 चं वैयक्तिक कर्ज, उरलेले एफडी मोडून. 'नंतर अडीच लाखांना सहज जाईल,' असंही ते लिहितात.

कर्ज काढू नका आणि एफडीला हात लावू नका. गाडी मात्र जरूर बांधा.

कर्जाचा हिशोब आधी. 1,20,000 चे 24 हप्ते प्रत्येकी सुमारे 5,760 रुपयांचे पडतात, व्याज साधारण 18,300. साडेसात हजारांतून हप्ता गेला की हातात 1,740 उरतात, आणि पाठीशी एफडीही नसते. ती एफडी म्हणजे तुमचा जेमतेम अडीच महिन्यांचा घरखर्च. घरात एक दवाखाना निघाला तर अर्धी उघडलेली बुलेट विकून पैसे उभे करायची वेळ येईल, आणि खोलून ठेवलेल्या गाडीला भंगारापेक्षा फार कोणी देत नाही.

तुमच्या यादीत मला खटकलं ते वेगळंच. त्यात क्रँक (पिस्टनची वर-खाली चाल फिरतीत बदलणारा इंजिनाचा दांडा) नाही, टायर नाहीत, वायरिंग नाही आणि कागदपत्रं तर नाहीतच. बंद गाडीचा खर्च नेमका तिथेच असतो.

म्हणून पहिला पैसा आरटीओत. नोंदलेला मालक वारला तर 30 दिवसांत कळवून तीन महिन्यांत फॉर्म 31 वर अर्ज करायचा असतो. तो वेळ गेलाय, तरी सुरुवात तिथूनच. आई, भावंडं असतील तर त्यांचं संमतीपत्र लागेल. ते आत्ताच घ्या. गाडी चकाचक झाल्यावर घरात हिश्शाची बोलणी निघतात. मग फॉर्म 25 वर नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या दुचाकीला त्याचं शुल्क 2,000, वर महाराष्ट्राचा पाच वर्षांचा पर्यावरण कर, उशिराच्या दर महिन्याला 300 (नुसत्या दोन वर्षांचे 7,200 होतात), नवी नंबरप्लेट 531. थर्ड पार्टी विमा 150 ते 350 सीसीला 1,366 अधिक जीएसटी, म्हणजे 1,612, आणि वर मालक-चालकाचा अपघात विमा. या सगळ्याला 16,000 बाजूला काढा. तपासणीला गाडी चालू स्थितीत न्यावी लागते, म्हणून आधी हस्तांतरणाचे कागद लावा आणि नूतनीकरण इंजिन झाल्यावर करा.

पाचशेच्या किटला माझा साफ विरोध आहे. तुमचं इंजिन 70 मिमी बोअर (सिलिंडरची आतली रुंदी) आणि 90 मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची चाल), 346 सीसी. बोअर 84 केला की 499 होतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये ते पक्कं केलं. कलम 182अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा आरसीवरच्या सीसीवर उतरतो. न कळवलेला बदल सापडला की गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. शिवाय जेमतेम 18 अश्वशक्तीसाठी बांधलेला चार गिअरचा बॉक्स आणि पुढचा ड्रम ब्रेक तसाच राहणार. 55,000 घालून गाडी कायद्याबाहेर न्यायची, वर ती थांबणारही नाही, यात शहाणपण दिसत नाही.

सेल्फ स्टार्टही सोडा. जुन्या बुलेटनं किक उलटी मारली की सेल्फला इंजिनाशी जोडणारा स्प्रॅग क्लच जातो, आणि तो स्वस्त नाही. पॉइंट, कॉइल, कंडेन्सर नीट असेल आणि डिकंप्रेशन लिव्हर (किक मारण्याआधी सिलिंडरमधला दाब सोडणारी) वापरायची सवय असेल तर ही गाडी पायानं सुरू होते. डिस्कऐवजी आहे तोच ड्रम लेथवर साफ करून घ्या, नवे लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवा, केबल बदला. ब्रेक, दोन टायर, चेन-स्प्रॉकेट आणि वायरिंग मिळून 16,000 धरा.

इंजिनाला 28,000. इथे हाफ इंजिन (फक्त वरचं हेड, बॅरल म्हणजे सिलिंडर, आणि पिस्टन) करायचं की फुल (खालच्या क्रँकसकट), हे पैसे देण्याआधी कळायला हवं, आणि ते घरीच कळतं. आधी क्रँककेसचं ऑइल काढा. वर्षानुवर्षं उभ्या बुलेटमध्ये टाकीतलं ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. तसंच किक मारून सुरू केली तर ते ब्रीदरमधून आणि सीलमधून बाहेर येतं. मग हेड आणि बॅरल उतरवा, पिस्टन सर्वांत वर आणा, कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली हलवा. आडवा थोडा खेळ असतोच. उभा खेळ हाताला लागला तर बिगएंड (रॉडचं क्रँकवरचं खालचं बेअरिंग) गेलंय आणि काम फुल इंजिनाचं आहे. क्रँक घरच्या प्रेसवर फोडू नका. नवा बुश-पिन बसवून सेंटरवर एकरेषेत आणायचं काम उद्यमनगरातल्या ज्याच्याकडे रोज क्रँक येतात त्याच्याकडेच द्या. कोल्हापुरात राहून त्यासाठी प्रेस विकत घेणं म्हणजे घरामागे विहीर असताना टँकर मागवणं आहे.

बॅरल वर, मध्ये, खाली, दोन दिशांनी बोअर गेजनं मोजून घ्या. झीज रिंगा वर जाऊन थांबतात तिथे जास्त असते, तळाला जवळजवळ नसते. ओव्हरसाइज पिस्टन 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिमीचे येतात. आधी पिस्टन विकत घ्यायचा आणि तो हातात देऊन बोअर करून घ्यायचा. उलटं केलं तर एक तर इंजिन गरम होऊन धरतं, नाहीतर थंड असताना पिस्टन खडखडतो, आणि दोन्हींत बॅरल पुढच्या साइजला जातं. एकदा 1.00 संपला की बॅरलच्या आत नवी स्लीव्ह बसवावी लागते. रिंग बॅरलमध्ये सरळ बसवून टोकांतली फट फिलर गेजनं बघा. 70 मिमीला साधारण 0.28 मिमी हवी. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते.

टायमिंग बाजू उघडताना लक्षात ठेवा, ऑइल पंपाचा वर्म (पंप फिरवणारा गिअर) उलट्या आट्यांचा असतो. नेहमीच्या दिशेनं जोर लावला तर तो सुटायच्या ऐवजी आणखी आवळतो. तिथे आटे गेले की हाफ इंजिनाचं काम त्याच क्षणी फुल होतं आणि बजेटमधले दहा-बारा हजार वाढतात.

हत्यारांना 10,000 पुरतात : चांगले पाने आणि सॉकेट, फिलर गेज, टॉर्क रेंच, क्लच आणि पिनियनचे पुलर, मल्टिमीटर. कॉम्प्रेसर पेंटवाल्याकडे असतो, लिफ्टचं काम लाकडी ठोकळा आणि मधला स्टँड करतो.

हे झाले 70,000. महिन्याला 5,000 बुलेटच्या वेगळ्या खात्यात, 2,500 आरडीत. चौदा महिन्यांत काम पुरं होतं आणि आरडीत 35,000 वर व्याज जमतं. भाग त्या महिन्याच्या कामापुरतेच घ्या, सगळे आधी आणून ठेवू नका. बिगएंड शाबूत निघालं तर इंजिनाचे उरलेले पैसे सरळ आरडीत टाका, क्रोमकडे वळवू नका. पहिले 500 किलोमीटर चाळीस-पन्नासच्या आत चालवा आणि त्यानंतर ऑइल बदला, त्याचे पैसेही याच खात्यातून. पेंटचं नंतर बघा. रंग तोच ठेवलात तर आरटीओचं काम नाही, बदललात तर परवानगी घेऊन आरसीवर नोंद लागते.

अडीच लाखांचा आकडा हिशोबातून काढा. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवर जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, आणि वॉरंटीसकट नवी साडेतीनशे बुलेट दोन लाखांच्या आसपास येते. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटला जास्त पैसे देणारा शौकीन बघतो ते इंजिन-चेसिस नंबर, मूळ कार्ब्युरेटर, मूळ अॅमीटर आणि स्वच्छ कागद. म्हणून काढलेला एकही मूळ भाग भंगारात देऊ नका, आणि पिस्टन, बोअरिंग, क्रँक यांची बिलं नावावर घेऊन आरसीसोबत ठेवा.