वटवाघळाची जाती की प्रजाती?

दादरच्या एका ताईंनी मुलीच्या वहीतला प्रश्न पाठवलाय : ‘फळं खाणाऱ्या वटवाघूळाची एक प्रजाती आणि मॉसची एक प्रजाती यांची तुलना करा.’ त्यांच्या शंका दोन. इथे ‘जाती’ हवं की ‘प्रजाती’? आणि मॉसला शेवाळ म्हटलं तर चालेल का?

पहिलं लगेच सुटतं. आपल्या शालेय पुस्तकांतली उतरंड कुल, प्रजाती, जाती अशी आहे. सायनॉप्टेरस स्फिंक्स या फळं खाणाऱ्या वटवाघळाच्या नावातलं सायनॉप्टेरस ही प्रजाती, दोन्ही शब्द मिळून जाती. फ्युनारिया हायग्रोमेट्रिका या मॉसचंही तेच. म्हणजे वहीत ‘जाती’च हवं. वर्तमानपत्रं जातीलाच प्रजाती म्हणतात. हिंदीची सवय, दुसरं काय! शिवाय ‘जात’ लिहिताना आपला हात जरा अडखळतोच.

दुसऱ्या शंकेत खरी गंमत आहे. जुलैत चाळीच्या मोरीपाशी पाय सटकला की आपण म्हणतो, शेवाळ धरलंय. कंपाउंडच्या भिंतीवर हिरवी मखमल आली, तरी शेवाळच. बोट लावून बघा. मोरीपाशी नुसता बुळबुळीतपणा. भिंतीवर मात्र नीट पाहिलं तर इवली इवली पानं दिसतात. पुस्तकात पहिलं शैवाल, वनस्पतींच्या थॅलोफायटा गटातलं. दुसरं मॉस, ब्रायोफायटा गटातलं. बोलताना खुशाल शेवाळ म्हणा, पेपरात मॉस लिहा. (हायग्रोमेट्रिका म्हणजे ओलावा मोजणारी. हिच्या बोंडाचा देठ हवेतल्या दमटपणाप्रमाणे पीळ घेतो आणि सोडतो. मुंबईत बिचारीला उसंत नसणार.)

‘वाघूळ’मध्ये वाघ शोधू नका, तो शब्द प्राकृतातल्या ‘वग्गुली’वरून आलाय. ‘वट’ म्हणजे वड, त्याची फळं ही मंडळी आवडीने खातात. त्या हिशेबाने ‘फळं खाणारं वटवाघूळ’ ही द्विरुक्तीच. पण आपण किडे टिपणाऱ्या पाकोळीलाही वटवाघूळ म्हणून मोकळे होतो, तेव्हा ‘फळं खाणारं’ राहू द्या. सायनॉप्टेरस बघायला लांब जायला नको. सोसायटीतल्या त्या उंच सरळसोट, नावाच्याच अशोकाला फळं धरली की रात्री तो येतो. सकाळी खाली चोथा आणि बिया, आणि वॉचमनची कुरकुर.

आणि ताई, एक तुमच्याही नजरेतून सुटलं. ‘वटवाघूळाची’ नव्हे, ‘वटवाघळाची’.