विकिडेटावर जॅझमधल्या स्त्रियांची नोंद करताना

विकिडेटा म्हणजे कुणालाही भर घालता येईल असा, विकिपीडियाच्या जोडीचा माहितीसाठा. तिथे नवी नोंद उघडण्याआधी त्या स्त्रीच्या सगळ्या नावांनी शोधा. जॅझ पियानोवादक मेरी लू विल्यम्स १९१० साली जन्मल्या तेव्हा आडनाव स्क्रग्ज होतं, सावत्र वडिलांमुळे बर्ली झालं, लग्नानंतर विल्यम्स. अशा वेळी कुणीतरी दुसरी नोंद उघडतं आणि माहिती दोन ठिकाणी विखुरते. सगळी नावं 'इतर नावां'त घाला. दुहेरी नोंद सापडलीच तर आधी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी ग्रंथालयाने व्यक्तींना दिलेले क्रमांक ताडून पाहा, मगच विलीन करा.

व्यवसायात नुसतं 'संगीतकार' टाकून थांबू नका. मेल्बा लिस्टन ट्रॉम्बोन वाजवायच्या आणि उत्तम अरेंजर (कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ती संगीतरचना बांधणाऱ्या) होत्या. 'अरेंजर' राहून गेलं, तर अरेंजर शोधणाऱ्याला त्या सापडणारच नाहीत. वाद्य मात्र वेगळ्या विधानात (नोंदीतल्या माहितीच्या वेगळ्या ओळीत) भरा.

सगळ्यात जास्त वेळ 'सदस्य' या विधानाला द्या. लिल हार्डिन यांची नोंद फक्त 'जोडीदार: लुई आर्मस्ट्राँग' एवढ्यावर सोडणं हा अन्यायच. किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडच्या १९२३ च्या रेकॉर्डिंगमध्ये पियानोवर त्याच आहेत, पुढे आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह या बँडमध्येही. बँड जोडा, सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष पात्रक (विधानाला जोडलेला जादा तपशील) म्हणून द्या. फक्त वर्ष माहीत असेल तर वर्षच लिहा. १ जानेवारी टाकलात तर ती खरी तारीख म्हणून सगळीकडे पसरते.

प्रत्येक विधानाखाली संदर्भ हवाच, पुस्तक असेल तर पानासकट. आणि एका वाद्याला 'प्राधान्य' दर्जा दिलात, तर साध्या क्वेरीत (माहिती शोधण्यासाठी लिहिलेल्या प्रश्नात) बाकीची वाद्यं दिसत नाहीत. कारण नसेल तर दर्जाला हात लावू नका.