सहीआधी विचार, विमानं कोणाची?

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझी दोन्ही ऑफर लेटर वाचली. वैमानिक म्हणून उड्डाणाचे दीड हजार तास पुरे होताच दोन रीजनल कंपन्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठी छोटी विमानं उडवणाऱ्या कंपन्या, तुझ्या दारात उभ्या राहिल्या, याचा फार आनंद झाला. आमच्या वेळी आम्हीच त्यांच्या दारात उभे असायचो. पहिल्या कंपनीचा बोनस पाहून बाबा हुरळले आहेत, असं आई म्हणाली. पण सही करायच्या आधी काकाचं थोडं ऐक.

तुझ्या विमानाच्या शेपटीवर डेल्टा, युनायटेड किंवा अमेरिकन या अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांपैकी एकीचा रंग असेल. तिकीट त्यांनी विकलेलं, वेळापत्रक त्यांचं, बहुतेक वेळा इंधनाचं बिलही त्यांचंच. तुझी कंपनी कंत्राटावर विमान उडवून देणार आणि उड्डाणामागे ठरलेले पैसे घेणार. हे बाहेर दिलेलं काम ७६ आसनांच्या वर जात नाही, कारण मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांनी आपल्या करारात तशी अट घालून घेतली आहे. आता कंत्राट मिळवायला तुझ्या कंपनीला स्वस्तात बोली लावायची असेल तर ती खर्च कापणार कुठे? माणसांच्या पगारातच.

१२ फेब्रुवारी २००९ ला न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ विमान पडलं, ५० माणसं गेली. तिकिटावर नाव कॉन्टिनेन्टल या मोठ्या कंपनीचं, उडवणारी रीजनल कंपनी कोलगन एअर. विमान स्टॉलमध्ये गेलं, म्हणजे पंखांवरची उचल गेली, ते कॅप्टनने चुकीची कृती केल्यामुळे, असं चौकशीत ठरलं. पण त्याच चौकशीत हेही उघड झालं की फर्स्ट ऑफिसरचा, म्हणजे सहवैमानिक मुलीचा, पगार फारच तुटपुंजा होता आणि कामावर हजर व्हायला ती रात्रभर प्रवास करून सिएटलहून नेवार्कला आली होती. ती २४ वर्षांची होती, जवळपास तुझ्याएवढी. तुझे ते दीड हजार तास याच अपघातानंतरच्या कायद्यातून आले आहेत. त्याआधी २५० तासांवर सहवैमानिकाची उजवी सीट मिळू शकायची.

आज पगार चांगले आहेत. २०२२ मध्ये अमेरिकनने आपल्या मालकीच्या एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए या कंपन्यांत नव्या फर्स्ट ऑफिसरचा दर तासाला ९० डॉलरवर नेला, कारण वैमानिक मिळेनासे झाले होते. वैमानिकांची ही टंचाई कायम राहील असं धरून घराचे हप्ते बांधून घेऊ नकोस.

माझी पहिली कंपनी बंद झाली तेव्हा मला तिथे कॅप्टन होऊन नऊ वर्षं झाली होती. दुसरीकडे रुजू झालो त्या दिवशी हातात आलेल्या सीनिऑरिटीच्या, म्हणजे सेवाज्येष्ठतेच्या, यादीत माझं नाव खालून तिसरं होतं. पुन्हा उजवी सीट, पहिल्या वर्षाचा दर. लॉगबुकातले तास सोबत आले, सीनिऑरिटी नंबर आला नाही. तुझी काकू त्या महिन्यात दोनदा घरभाड्याची तारीख पुढे ढकलून घेऊन आली, ते अजून डोळ्यांसमोर आहे. सिनसिनाटीच्या कोमएअर या रीजनल कंपनीच्या वैमानिकांनी २००१ मध्ये ८९ दिवस संप करून पगार वाढवून घेतले होते. कंपनी डेल्टाच्याच मालकीची. तरी काम आटत गेलं आणि २०१२ च्या सप्टेंबरात तिला कुलूप लागलं.

म्हणून दोन्ही ठिकाणी फोन करून विचार : विमानं कोणाच्या मालकीची? कंत्राट कोणत्या साली संपतं? मोठ्या कंपनीत थेट जायची वाट करारात लिहिली आहे की नुसती तोंडी सांगतात?

आणि बेस, म्हणजे जिथून तुझी ड्यूटी सुरू होणार ते विमानतळ. दुसऱ्या कंपनीचा बेस तुझ्या घरापासून गाडीने पाऊण तासावर आहे. बोनस कमी असला तरी मला ती ऑफर सरस वाटते. रिझर्व्हवर, म्हणजे बोलावणं येईल तेव्हा निघायच्या ड्यूटीवर, असताना मी बेसजवळच्या दोन खोल्यांच्या क्रॅश पॅडमध्ये, वैमानिकांच्या भाड्याच्या सामायिक जागेत, आठ जणांबरोबर राहिलो आहे. पहाटे तीनला कोणाचाही फोन वाजला की आठही जण उठून बसायचे.

कंपनी लवकर सोडल्यास बोनस परत करावा लागतो, त्याचं कलम दोन्ही करारांत असेल. त्या पानांचे फोटो पाठव. रविवारी मी घरीच आहे, फोनवर बसून ओळ न् ओळ वाचू. तोवर सही नको.

तुझा,
काका