स्प्रिंग एअर रायफल कॉक करायला जड जाते: वेढे कापू नका, तार बदला

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: डायना ३५ च्या धर्तीची जुनी ४.५ मिमी रायफल, बॅरल मोडून कॉक होणारी (कॉक म्हणजे बॅरल खाली ओढून आतली स्प्रिंग दाबून अडकवणं). पुतणी १५ वर्षांची, १० मीटर ओपन साइटचा (भिंगाशिवाय नेम धरायचा) सराव करते, पण थोड्याच शॉटनंतर तिचा हात भरून येतो. कॉक करताना मध्येच ‘कर्रर्र’ असा आवाजही येतो. दुरुस्तीवाल्याने स्प्रिंगचे तीन वेढे कापा म्हणून सांगितलंय.

कापू नका. का ते पुढे आकड्यांत सांगतो. पण त्याआधी पुतणीची ताकद नेमकी कुठे खर्च होतेय ते शोधा. निम्म्या वेळा स्प्रिंग निर्दोष असते आणि घासणारे भाग दोषी निघतात.

आधी मोजा. प्रवासाची बॅग मोजायचा हँगिंग काटा घ्या, त्याला कापडी पट्टा बांधून तो बॅरलवर पुढच्या साइटच्या लगेच मागे अडकवा. दुसऱ्या माणसाने बट (लाकडाचा मागचा, खांद्याला लागणारा भाग) मांडीवर घट्ट धरायचा. बॅरलशी काटकोन ठेवून सावकाश ओढा आणि सर्वांत मोठा आकडा टिपून घ्या. या वयाच्या मुलीला तासभर सराव करायचा तर ९ ते १० किलो ठीक. १३-१४ असेल तर तक्रार रास्त आहे. मापताना रायफल कॉक झालीच तर छर्रा घालून, बॅरल मिटून सुरक्षित टार्गेटवर झाडूनच मोकळी करा. बॅरल उघडी असताना चापाला हात नाही. बॅरल उसळून बोटं तुटतात, नळीही वाकते. रिकामी झाडायचीही नाही, कारण छर्रा नसेल तर हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट सिलिंडरच्या तोंडावर आदळतो.

आता उघडायची तयारी. रायफल अनकॉक, रिकामी. स्टॉकचे स्क्रू काढून लाकूड बाजूला करा. मागच्या ट्रिगर ब्लॉकवर स्प्रिंगचा दाब कायम असतो, वीस-पंचवीस किलो सहज. त्यामुळे नुसत्या हाताने पिना ठोकून काढायचा प्रकार करू नका. सुताराचा लांब बार क्लॅम्प घ्या, एक टोक बॅरलच्या बाजूला लाकडाचा ठोकळा देऊन, दुसरं ट्रिगर ब्लॉकवर. थोडं आवळा म्हणजे पिनांवरचा ताण जातो आणि त्या पंचने अलगद निघतात. मग क्लॅम्प फिरवत फिरवत सैल करा. ब्लॉक चार-पाच सेंटिमीटर मागे येईपर्यंत दाब राहतो, तोवर तोंड त्या रेषेत नको. ज्या रायफलींचा मागचा ब्लॉक आट्यांवर बसतो, तिथे शेवटचे दोन आटे उरले की क्लॅम्प लावा.

स्प्रिंग बाहेर काढून ठेवा आणि फक्त पिस्टन व कॉकिंग लिंक (बॅरलची ओढ पिस्टनपर्यंत नेणारा दांडा) परत जोडा. या स्थितीत बॅरल एका बोटाने पूर्ण खाली गेली पाहिजे. नाही गेली, तर जो अडथळा जाणवतोय त्याचा स्प्रिंगशी काही संबंध नाही, आणि तो फुकटात दूर होतो. माझ्या मते या सगळ्या कामातली ही सर्वांत उपयोगी चाचणी आहे, आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

अडथळा कुठे असू शकतो? पहिली जागा बॅरलच्या बिजागरीचा बोल्ट. तो इतकाच आवळायचा की बॅरल कुठल्याही कोनात सोडली तरी तिथेच राहील, पण टिचकी मारली की खाली येईल. दोन्ही बाजूंच्या वॉशरवर खरवडल्याच्या खुणा असतील तर ते काचेवर ठेवलेल्या ६०० नंबरच्या पेपरवर सपाट करा. दुसरी जागा कॉकिंग लिंकचं टोक, म्हणजे पिस्टनला मागे ढकलणारा बूट. तो सिलिंडरच्या खाचेत एका बाजूला घासला की तुम्ही म्हणता तसा ‘कर्रर्र’ येतो. खाचेच्या कडा बोटाला लागत असतील तर बारीक कानशीने मोडा. लिंक स्टॉकच्या लाकडालाही घासू शकते; तिथे चकाकलेला पट्टा दिसतो, तेवढं लाकूड पेपरने घासून काढा.

तिसरी जागा बॅरलचं लॉक. उघडताना तळहाताने फटका मारावा लागत असेल तर पाचर आणि तिच्या समोरची पिन १००० च्या पेपरने चकचकीत करा, ग्रीसचा हलका हात द्या. लॉकची स्प्रिंग मात्र कापायची नाही. ती ढिली झाली की शॉटच्या धक्क्यात बॅरल किंचित उघडते आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, उभा पसरतो. ब्रीचची (बॅरलच्या मागच्या, छर्रा घालायच्या तोंडाची) रिंग नवीन आणि जाड बसवली असेल तरीही लॉक जड होतं. ती कडेपासून पाव मिलिमीटर वर असली की पुरे. गळते का हे पाहायला ब्रीचच्या फटीवर टिश्यूची पट्टी ठेवून एक शॉट मारा. पट्टी उडाली तर गळते.

चौथा संशयित पिस्टनचं वॉशर. जुन्या घडणीत ते चामड्याचं असतं, हल्ली पॉलियुरेथेनचं. स्प्रिंगशिवाय पिस्टन सिलिंडरमध्ये घाला: हाताच्या ठाम दाबाने सरकला पाहिजे. हातोडी लागली तर वॉशर मोठं आहे. समोरचं हवेचं भोक बोटाने बंद करून ढकला, तर पिस्टनने उशी लागल्यासारखं उसळून मागे यावं. नाही आला तर वॉशर ढिलं. पॉलियुरेथेनचं मोठं निघालं तर पिस्टन लेथवर हळू फिरवून ३२० च्या पेपरने थोडं थोडं उतरवा आणि दर वेळी बसवून बघा. एकदम उतरवलं तर नवीन आणावं लागेल. वॉशर घालताना सिलिंडरच्या खाचेची कड ते कापते, म्हणून कडा आधी मोडून ठेवा आणि वॉशर त्या जागेवरून जाताना बोथट पट्टीने आत दाबत न्या.

एवढं झाल्यावर बहुतेक जुन्या रायफली काट्यावर दीड-दोन किलोने हलक्या होतात. पुतणीला तेवढं पुरलं तर इथेच थांबा.

नाही पुरलं, तर स्प्रिंग. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, वेढ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने कमी होतो आणि वेढ्यांच्या संख्येने भागला जातो. यातलं शेवटचं लोक विसरतात. वेढे कापले की उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते.

उदाहरणासाठी एक नेहमीची स्प्रिंग घेऊ: तार ३ मिमी, बाहेरचा व्यास १९.५ मिमी, कामाचे वेढे ३३, मोकळी लांबी २५० मिमी. बसवताना ती ४० मिमी दबते (हा प्रीलोड), कॉक करताना आणखी ८० मिमी. हिशेब केला तर सुरुवातीचा जोर येतो सुमारे २२ किलो आणि कॉकच्या टोकाला ६६ किलो. लिव्हरचा फायदा पाचपट धरला तर हाताला १३ किलो.

एक वेढा कापा. प्रीलोड साधारण साडेसात मिलिमीटरने घटतो. सुरुवातीचा जोर १८ वर येतो, पण टोकाचा फक्त ६४. म्हणजे जिथे तिचा हात अडतो तिथे तीन टक्केच फरक. तीन वेढे कापले तर सुरुवात साडेदहा, टोक ५९. हाताला १३ ऐवजी जेमतेम १२, आणि स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा मात्र २० टक्क्यांहून जास्त गेली. एवढं गमावून मिळालं काय, तर एक किलो.

आता तीच स्प्रिंग, तेवढेच वेढे, तोच मधला व्यास, फक्त तार २.८ मिमी. सुरुवात १७, टोक ५०. हाताला १० किलो. ऊर्जा जवळजवळ तेवढीच, २४ टक्के गेली, पण टोकाचा जोरही २४ टक्क्यांनी उतरला. तार फक्त ०.२ मिमीने बारीक करून हा फरक पडतो.

ऊर्जा गेल्याची काळजी करू नका. ०.५३ ग्रॅमचा छर्रा २०० मीटर प्रति सेकंदाने जात असेल तर १०.६ जूल होतात. या बदलानंतर तो साधारण १७५ वर येईल, म्हणजे ८ जूल. कागदी टार्गेटला १० मीटरवर एवढं भरपूर आहे. जर्मनीत परवान्याशिवाय मिळणाऱ्या एअरगनची मर्यादाच ७.५ जूल आहे. आपल्याकडची, २०१६ च्या शस्त्र नियमांतली, ४.५ मिमी आणि २० जूल. ऊर्जा वाढवायची असती तर ती मर्यादा डोळ्यांपुढे ठेवावी लागली असती, इथे आपण उलट्या दिशेने जातोय.

स्प्रिंग बनवून घ्यायला भोसरी, अंबड, वसई अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत स्प्रिंगवाले मिळतील. ‘एअरगनची स्प्रिंग द्या’ असं सांगू नका, कागदावर लिहून द्या: तार आयएस ४४५४ भाग १, डीएच ग्रेड, २.८ मिमी, बाहेरचा व्यास १९.३, कामाचे वेढे ३३, दोन्ही टोकं बंद आणि ग्राइंड केलेली, वळल्यावर स्ट्रेस रिलीव्ह (तापवून तारेतला ताण काढणं), आणि सर्व वेढे चिकटेपर्यंत चार-पाच वेळा दाबल्यानंतरची लांबी २५० मिमी. शेवटची अट महत्त्वाची आहे. नवीन स्प्रिंग पहिल्यांदा पूर्ण दाबली की कायमची थोडी आखूड होते. ती अट लिहिली नाही तर लांबी बसवल्यावर घटते आणि प्रीलोडचा हिशेब फसतो. हे आकडे उदाहरणातले आहेत, तुमची स्प्रिंग व्हर्नियरने मोजून आकडे बदला. जुनी स्प्रिंग काचेवर गडगडवून बघा. डुगडुगत असेल तर वाकलेली आहे, आणि ‘कर्रर्र’चं मूळ तेही असू शकतं.

तार बारीक झाली की आतला व्यास १३.५ वरून १३.७ होतो, म्हणजे जुनी गाइड (स्प्रिंगच्या आतला, तिला सरळ ठेवणारा दांडा) सैल पडते. लेथवाल्याकडून डेलरिनची (कडक, गुळगुळीत प्लास्टिकची) नवी करून घ्या, स्प्रिंग हाताने अलगद सरकेल पण खुळखुळणार नाही अशी, म्हणजे ०.१ ते ०.२ मिमीची मोकळीक. पिस्टनच्या आत, स्प्रिंगच्या पुढच्या टोकाला, त्याच डेलरिनची टोपी बसवता येते. स्प्रिंग दबताना स्वतःभोवती फिरते. टोपीवर ती सहज फिरते आणि कॉक करताना तिचं अडखळणं जातं. टोपीची कड किंवा स्प्रिंगच्या टोकाला घातलेली चकती जेवढ्या जाडीची, तेवढा प्रीलोड वाढतो. म्हणून दोन मिलिमीटरची कड ठेवलीत तर लांबी तेवढी कमी मागा. स्प्रिंगची दोन्ही टोकं ४०० आणि मग १००० च्या पेपरने गुळगुळीत करा.

वंगणात हात आखडता ठेवा. पिस्टनच्या पुढच्या आणि मागच्या कडेला, लिंकच्या बुटाला, बिजागरीला मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट, पुसून उरेल एवढीच. स्प्रिंगला चिकट जाड ग्रीसचा पातळ थर. वॉशरच्या पुढे सिलिंडरमध्ये पेट्रोलियमचं काहीही नको. शिलाई मशीनचं तेल भोकातून सोडायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, आणि बंदुका त्यानेच मरतात. दाबाने हवा तापते, तेल पेटतं, मोठा आवाज आणि धूर येतो. मालकाला वाटतं रायफल जोरात आली, प्रत्यक्षात वॉशर जळतं आणि स्प्रिंगला तडा जातो. चामड्याचं वॉशर असेल तर सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब, रात्रभर उभं ठेवून.

स्प्रिंगऐवजी बसणाऱ्या गॅस रॅमबद्दलही (दाबलेल्या वायूची बंद नळी) तुम्ही विचारलं होतं. तो पहिल्या इंचापासून जवळपास पूर्ण जोर मागतो, आणि घरी कमी-जास्त करता येत नाही. मुलीसाठी मी सुचवणार नाही.

जोडल्यावर छर्रा न घालता, बॅरल हातात घट्ट धरूनच कॉक करा आणि सिअर (पिस्टन अडवून धरणारा ट्रिगरचा खटका) पकडतो का ते बघा. मग छर्रा घालून, बॅरल मिटून, बटवर रबरी हातोडीने दोन हलके ठोके द्या, रोख टार्गेटकडेच. आपोआप सुटली तर ट्रिगरची धार गेलीय. ती रायफल तिच्या हातात द्यायची नाही. हे काम घरी कानशीने करायचं नसतं.

आता पकड. बिजागरीपासून पुढच्या साइटपर्यंत ४६ सेंटिमीटर असतील आणि टोकाशी १२ किलो लागत असतील, तर ३८ सेंटिमीटरवर धरल्यास साडेचौदा लागतात. मुलं साइट टोचते म्हणून हात मागे घेतात आणि स्वतःच काम वाढवतात. साइटवर बसेल अशी, खाच पाडलेली ॲल्युमिनियमची नळी आतून चामडं लावून करून घ्या. ती बॅरलच्या पुढे १० सेंटिमीटर आली तर जोर आणखी १८ टक्क्यांनी घटतो. कॉक झाली की नळी काढून टेबलावर, मगच छर्रा. नळीला लाल फीत बांधा, म्हणजे विसरणार नाही. बट मांडीच्या बाहेरच्या बाजूला टेकवायचा, पोटावर नाही, आणि एका दमात खाली आणायचं. मध्ये थांबलं की काटकोनापाशी सर्वांत जड लागतं. छर्रा भरेपर्यंत दुसरा हात बॅरलवरून हलवायचा नाही, हा नियम तिला पहिल्या दिवशीच लावा.

वेग घटल्यामुळे १० मीटरवर छर्रे खाली लागतील, मागची साइट थोडी वर न्यावी लागेल. क्लबात क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर दहा शॉट मोजा. वेगातला फरक ५-६ मीटर प्रति सेकंदाच्या आत असला तर वॉशर आणि ब्रीच नीट बसलेत. जास्त पसरला तर पुन्हा टिश्यूची पट्टी. पहिल्या पाचशे शॉटनंतर स्टॉकचे स्क्रू आणि बिजागरीचा बोल्ट तपासा, आणि काट्यावर परत एकदा मोजून तो आकडा आधीच्या शेजारी लिहून ठेवा.