अंगावरून पांढरे जाणे, पिशवीची सूज आणि कर्करोगाची भीती

ताई, तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ३४ वर्षे आहे, दोन मुले आहेत, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे, सात-आठ महिन्यांपासून अंगावरून पांढरे जाते आणि खाज सुटते. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी करून "पिशवीला (गर्भाशयाला) सूज आहे, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल, दिवाळीच्या आत काढून टाका" असे तुम्हाला सांगण्यात आले. जाऊबाईंची पिशवीही अशीच काढलेली आहे, आणि हा गुप्तरोग असेल व तो नवऱ्याकडून आला असेल, ही शंका तुम्हाला वेगळीच खाते आहे. मी डॉक्टर नाही. बीड जिल्ह्यात उपकेंद्रावर आणि पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात २९ वर्षे आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली. त्या अनुभवावरून इतके निश्चित सांगते की, केवळ या तक्रारीवरून आणि केवळ एका सोनोग्राफीवरून पिशवी काढण्यास होकार देऊ नका.

पहिली गोष्ट म्हणजे पांढरे जाणे हा आजार नव्हे, ते लक्षण आहे. दह्याच्या चोथ्यासारखा स्राव व तीव्र खाज असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो, आणि तो वारंवार होत असेल तर रक्तातील साखर अवश्य तपासावी. पातळ, राखाडी, मासळीसारख्या वासाचा स्राव योनीतील जिवाणूंचा समतोल बिघडल्यामुळे होतो. हे दोन्ही लैंगिक संबंधातूनच आलेले असतात असे नाही; एकनिष्ठ जोडप्यातही ते होतात. फेसाळ, हिरवट-पिवळा स्राव मात्र ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीमुळे असू शकतो, आणि तो संबंधातूनच येतो. गोनोरिया व क्लॅमिडिया या संबंधातूनच येणाऱ्या जिवाणूंचा संसर्ग गर्भाशयाच्या मुखाशी होतो आणि पुष्कळ स्त्रियांना त्याची कोणतीही जाणीव होत नाही; दुर्लक्ष झाल्यास तो गर्भनलिकांपर्यंत चढतो, ओटीपोट दुखू लागते आणि पुढे वंध्यत्वही येऊ शकते. यांतले नेमके कोणते आहे हे सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरण्याचे साधन) लावून, उजेडात, आतून तपासणी करावी लागते. तुमच्या लिहिण्यात ती झाल्याचा उल्लेख नाही, आणि मला सर्वांत जास्त तेच खटकले.

ही तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात "सुरक्षा क्लिनिक" नावाने चालणाऱ्या विभागात मोफत होते. तेथे लक्षणांनुसार रंगीत किटमधून औषध देतात: योनीमार्गाच्या संसर्गासाठी हिरवे किट, गर्भाशयमुखाच्या संसर्गासाठी करडे, ओटीपोटाच्या संसर्गासाठी पिवळे. त्याच वेळी सिफिलिस व एचआयव्ही यांसाठी रक्ताची तपासणीही करून घ्यावी. तिथले समुपदेशक ही माहिती गोपनीय ठेवण्यास बांधील असतात. संसर्ग संबंधातून येणारा निघाला तर पतीनेही त्याच वेळी औषध घ्यावे लागते आणि दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावे लागतात. बायको औषध घेते, नवरा "मला काही होत नाही" म्हणून घेत नाही, आणि महिन्याभरात ती पुन्हा त्याच तक्रारीने दारात उभी राहते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की शेवटी शेवटी मी नवऱ्याला आणल्याशिवाय औषध समजावूनच सांगत नसे.

आता कर्करोगाकडे येऊ. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हे नाते शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी १६ आणि १८ या दोन क्रमांकांचे प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत असतात. तो संबंधातून पसरतो हे खरे, परंतु संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतोच, आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. त्यामुळे उद्या एचपीव्हीचा अहवाल पॉझिटिव्ह आला तरी त्यावरून नवऱ्याच्या किंवा बायकोच्या वागणुकीचा निवाडा करता येत नाही. हा विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो. जिथे तो टिकून राहतो तिथे पेशींमध्ये हळूहळू बदल होतात आणि कर्करोग होण्यास साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीबाधित स्त्रीमध्ये हा धोका सुमारे सहापट असतो आणि काळही कमी लागतो, म्हणून तिची तपासणी लवकर सुरू करतात. पाळीच्या कपड्यामुळे किंवा अस्वच्छ पाण्यामुळे एचपीव्ही होत नाही. आपल्याकडे स्वच्छतेच्या नावाखाली बाईलाच दोषी धरण्याची जी सवय आहे, ती इथे चुकीची आहे.

पंधरा-वीस वर्षांचा हा अवधी म्हणजेच तपासणीची संधी, आणि हे जगाला पटवून देण्यात आपल्या मराठवाड्याचा वाटा मोठा आहे. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. एका गटाची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याची पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), तिसऱ्याची गर्भाशयमुखाला ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा, अशी विभागणी होती. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. तरीही २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. एचपीव्हीची केवळ एकदा केलेली तपासणी आणि त्यात दोष सापडलेल्यांवर उपचार एवढ्यावर, आठ वर्षांच्या पाठपुराव्यात, पुढच्या अवस्थेतील कर्करोग व त्याने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या ऊसतोडीच्या आणि कोरडवाहू गावांतल्या बायकांनी हा पुरावा जगाला दिला, त्यांच्याच लेकीसुना आज तपासणीऐवजी थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचतात, याचे मला फार वाईट वाटते.

एचपीव्ही तपासणी सगळीकडे उपलब्ध नसते. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्रियांची दर पाच वर्षांनी ॲसिटिक आम्लाची तपासणी करायची आहे. सौम्य आम्ल लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असे अजिबात नाही. पुढे कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुखाची बारकाईने पाहणी, करतात, गरज वाटल्यास तुकडा तपासायला पाठवतात. कर्करोगपूर्व बदल निघाले तरी बहुतेक वेळा तेवढा भाग उष्णतेने किंवा गोठवून नष्ट करता येतो, आणि पिशवी जागच्या जागी राहते.

"पण काढून टाकली तर कर्करोगाचा प्रश्नच संपला ना?" असे जाऊबाई म्हणतील. पूर्वी मीही असेच म्हणत असे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, डॉक्टर सांगतात तर काढा, असा सल्ला मी स्वतः दिलेला आहे, आणि त्यांपैकी एक बाई पस्तिशीतच गुडघे धरून, अंगाची आग होते म्हणून रडत माझ्याकडे येऊ लागली तेव्हा तिच्या बीजकोशांसह सगळे काढले गेल्याचे कळले. बीजकोश गेले की पाळी जाण्याचा काळ एकदम येऊन ठेपतो, हाडे झिजतात. दुसरा धोका याहून कमी माहीत असलेला आहे: गर्भाशयमुखात खरोखरच कर्करोग दडलेला असेल आणि तो न तपासता साधी पिशवी काढली, तर ती शस्त्रक्रिया अपुरी ठरते आणि पुढचा उपचार अधिक अवघड होतो. म्हणजे कर्करोग नसेल तर ही शस्त्रक्रिया अनावश्यक आणि असेल तर चुकीची.

कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या घरांत या निर्णयामागे केवळ भीती नसते, हे मला ठाऊक आहे. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि पाळीची कटकटच नको असे बाईलाही वाटते. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या समितीसमोर बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या सर्वेक्षणाची माहिती आली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पिशवी काढण्याची वेळ खरोखर येते, नाही असे नाही. मोठ्या गाठी, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, सिद्ध झालेला आजार ही त्याची कारणे आहेत. तुमच्या पत्रात त्यांपैकी एकही दिसत नाही. मात्र संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे किंवा दुर्गंधीयुक्त लालसर पाणी जाणे यांपैकी काही असेल, तर दिवाळीची वाट न पाहता याच आठवड्यात जावे.

अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचे रुग्णालय, लातूरचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, यांपैकी जे जवळ असेल तिथे स्त्रीरोग विभागात जा. पाळी संपल्यानंतरचे दिवस निवडा. आधीचे दोन दिवस संबंध व योनीत ठेवायची औषधे टाळा. सोनोग्राफीचा कागद सोबत न्या, गरोदरपणाची शंका असेल तर औषध घेण्याआधी सांगा. धाकटी मुलगी अकरा वर्षांची आहे असे तुम्ही ओझरते लिहिले आहे, म्हणून सांगते: नऊ ते चौदा या वयात एचपीव्हीची लस सर्वांत उपयोगी ठरते, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लस २०२३ पासून बाजारात आहे. लस झालेला संसर्ग बरा करत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी मार्ग तपासणीचाच आहे. मुलीसाठी मात्र त्याच दिवशी त्याच विभागात लसीची चौकशी करून या.