गिगसाठी (कार्यक्रमासाठी) गिटारचा अ‍ॅम्प : ट्यूब हेड घेण्याआधी एकदा थांबा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझेच जुने दिवस आठवले. गिटारचा घरचा छोटा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) ड्रम सुरू झाले की ऐकूच येत नाही, बजेट कमी, आणि कुणीतरी जुनं ट्यूब हेड (काचेच्या ट्यूबवर चालणारा, स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) नि कॅबिनेट (नुसत्या स्पीकरची पेटी) स्वस्तात देतंय, घेऊ का? मीही अगदी असंच विचारत फिरायचे, आणि घेतलं. आधीच सांगते, मी टेक्निशियन नाही, हे माझ्या अनुभवावरून झालेलं मत आहे. ट्यूबवाल्यांनी रागावू नये, तो आवाज मला आजही आवडतो.

माझं हेड आलं तेव्हा सोबत कॅबिनेटची केबल नव्हती. जॅक दोन्हीकडे तोच पाव इंची, म्हणून गिटारचीच केबल लावली. घरी चालली, प्रॅक्टिसला चालली. कार्यक्रमात आवाज वाढवला आणि तिसऱ्या गाण्यात आधी खरखर, मग आवाज तुटक तुटक, मग जळका वास आणि सगळं गप्प. नंतर केबल काढली तर प्लगजवळचं प्लास्टिक वितळून वाकडं झालेलं. गिटारच्या केबलमधली मधली तार बारीक असते, ती पिकअपचा (गिटारच्या तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाचा) इवलासा सिग्नल न्यायला, स्पीकरचा करंट तिला झेपत नाही. ती तुटली की ट्यूब अ‍ॅम्पला लोडच (म्हणजे जोडलेला स्पीकर) उरत नाही, स्पीकरकडे वीज देणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज भलतंच चढतं आणि आतलं इन्सुलेशन जळतं. स्पीकर केबल बाहेरून तशीच दिसते पण आत दोन जाड तारा असतात. कुणी हे एका वाक्यात सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

मग दुरुस्ती. जिथे दिलं त्यांनी लेखी पावती दिली नाही, मीही मागितली नाही. तीन महिने फोन केला की एकच उत्तर, पार्ट यायचाय. शेवटी जाऊन उचलून आणलं तर मागच्या स्क्रूवर मी लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी, म्हणजे उघडलंसुद्धा नव्हतं! त्याचा राग अजून जात नाही. दुसऱ्या माणसाने आठवड्यात करून दिलं, पण खर्च हेडच्या निम्म्या किमतीएवढा झाला. म्हणून काहीही दुरुस्तीला टाकताना पावती घ्या, आतले-बाहेरचे फोटो काढून ठेवा.

आता तुमचं. कमी बजेटमध्ये माझ्या मते 12 इंची स्पीकरचा सॉलिड-स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरचा) किंवा मॉडेलिंग (वेगवेगळ्या अ‍ॅम्पचे आवाज डिजिटल पद्धतीने काढणारा) कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प नि स्पीकर एकाच पेटीत असलेला, घ्या, 50 वॉटच्या आसपास. सॉलिड-स्टेट म्हणजे फक्त घरी वाजवायचा असं काही नसतं, रोलँड कंपनीचा जेसी-120 हा अ‍ॅम्प 1975 पासून स्टेजवर आहे आणि त्यात एकही ट्यूब नाही. आणि वॉटच्या आकड्यामागे धावू नका. वॉट दुप्पट केले तर फक्त 3 डेसिबल वाढतात, आणि 97 ऐवजी 100 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॉटमध्ये किती मोठा वाजतो त्याचा आकडा) स्पीकर असला तर तेवढाच फरक त्याच वॉटमध्ये मिळतो. लाइन आउट (मिक्सरला सिग्नल द्यायचा जॅक) आहे का तेही बघा, मोठ्या जागी थेट मिक्सरला देता येतं (स्पीकर आउट मात्र मिक्सरला कधीच लावू नका).

दुकानात एकटे वाजवून ठरवू नका, जमलं तर ड्रमरला सोबत न्या. घरी बास आणि ट्रेबल वाढवून मिड (मधल्या पट्टीचा आवाज) कमी केला की आवाज भारी वाटतो, पण बँडमध्ये गिटार ऐकू येते ती मिडमुळेच, ते कापलं की तुम्ही गायब. तुमच्या सध्याच्या अ‍ॅम्पवरही आधी हे करून बघा, आणि तो जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, नाहीतर स्पीकर तुमच्या पोटऱ्यांना ऐकवत असतो, कानांना नाही.

तरी हेडच घ्यायचं ठरलं असेल तर हेडचा नि कॅबिनेटचा ओहम (मागे लिहिलेला विद्युत रोधाचा आकडा) जुळलाच पाहिजे, कॅबिनेट जोडल्याशिवाय हेड चालू करायचं नाही, आणि घेण्याआधी कार्यक्रमाच्या आवाजावर अर्धा तास तरी वाजवून बघा. पैसे देण्याआधी दोन्हींच्या मागच्या बाजूचे फोटो टाका, ओहम काय लिहिलाय ते बघून सांगते.