सायकल ऑनलाइन, जोडणी गावात, तडा फ्रेमला: जबाबदार कोण?

प्रश्न: मी नाशिकला इंटिरियरची कामं करतो. फेब्रुवारीत एका संकेतस्थळावरून कार्बन फ्रेमची रोडबाईक २,८५,००० रुपयांना घेतली. खोक्यात ती बरीचशी जोडलेलीच आली. हँडल, सीटपोस्ट (सीटची दांडी), पुढचं चाक आणि पेडल बसवायचं काम इथल्या एका सायकल दुकानात २,५०० रुपये देऊन करून घेतलं. पैसे यूपीआयने दिले, बिल मिळालं नाही. जूनपर्यंत साधारण १,८०० किलोमीटर चालवली. कधी पडलो नाही, पण आता सीट ट्यूबला (सीटपोस्ट जिच्यात बसते त्या फ्रेमच्या उभ्या नळीला) मागच्या बाजूने तडा दिसतोय. संकेतस्थळ म्हणतं, परतीचे ७ दिवस संपले. कंपनीचा भारतातला वितरक म्हणतो, अधिकृत डीलरकडून जोडणी नाही, म्हणून वॉरंटी रद्द. दुकानदार म्हणतो, माझ्याकडून घेतली असती तर बघितलं असतं. बिल माझ्या फर्मच्या नावावर आहे. आता काय करू? माझा मित्र हीच सायकल घेणार आहे. इथला डीलर त्याला २२,००० रुपये जास्त सांगतोय. ते द्यावेत का?

उत्तर: नमस्कार. पहिली गोष्ट कायद्याची नाही. सायकल आजपासून चालवू नका. कार्बनचा तडा कधी वाढेल याची सूचना मिळत नाही आणि वर बसलेले तुम्ही असता.

दुसरी गोष्ट, सीटपोस्ट काढू नका. क्लॅम्प (सीटपोस्ट आवळून धरणारी कडी) सैल करू नका, तडा बुजवून घेऊ नका, फ्रेम वितरकाकडे ‘तपासणीसाठी’ पाठवू नका. तुमचं प्रकरण तडा कशामुळे गेला या एकाच मुद्द्यावर उभं राहील किंवा पडेल, आणि त्याचा पुरावा आत्ता जसा आहे तसाच फ्रेममध्ये आहे.

तडा कशामुळे गेला असेल, यावर जबाबदार माणूस बदलतो. क्लॅम्प प्रमाणाबाहेर आवळला असेल तर तडा सहसा सीट ट्यूबच्या वरच्या कडेपासून, तिथल्या खाचेतून खाली उतरतो आणि क्लॅम्पच्या जागी दाबल्याची खूण राहते. बऱ्याच कार्बन फ्रेमना इथे ५ न्यूटन मीटरच्या आसपासच टॉर्क (आवळण्याचा जोर) चालतो. क्लॅम्पवर आकडा छापलेला असेल तर त्याचा फोटो घ्या. टॉर्क रेंच न वापरता साध्या ॲलन कीने आवळलं तर हाताला कळायच्या आत त्याच्या दुप्पट जोर लागतो. सीटपोस्ट पुरेशी आत नसेल तर तडा थोडा खाली, वरची नळी जिथे जोडली जाते त्याच्या आसपास येतो, कारण पोस्टचं खालचं टोक नळीला आतून तरफेसारखं रेटत राहतं. पोस्टवर किमान खोलीची रेघ असते. ती बाहेर दिसतेय का ते पाहा. पोस्ट जिथे फ्रेममध्ये शिरते तिथे टेप लावून खूण करा. आणि तडा क्लॅम्पपासून दूर असेल, दाबल्याची खूण नसेल, रेघ आत असेल, तर कार्बनच्या थरांत कारखान्यातच काही चुकलं असण्याची शक्यता वाढते. तुम्ही ‘मागच्या बाजूने’ एवढंच लिहिलंय, क्लॅम्पपासून किती अंतरावर ते नाही. ते मोजा. माझ्या उत्तराचा अर्धा भाग त्या मोजमापावर अवलंबून आहे.

मोजपट्टी शेजारी ठेवून तड्याचे फोटो घ्या, चारही बाजूंनी. बॉटम ब्रॅकेटखाली (पेडलच्या दांड्यांचा आस जिथे बसतो त्या भागाखाली) किंवा फ्रेमवर असेल तिथला सिरियल नंबर घ्या. मूळ फाइल फोनमधून पुसू नका, व्हॉट्सअॅपवरून फिरवलेली प्रत नको. उत्पादनाचं पान, सायकल कितपत जोडून येईल आणि उरलेलं काम कोणी करायचं हा मजकूर, वॉरंटीच्या अटी, परतीचं धोरण, चॅट, सगळ्याचे तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. तक्रारीत ते जोडताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्याचं प्रमाणपत्र लागेल, याची वकिलांना आठवण करून द्या. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत दिवाणी न्यायालयाइतके काटेकोर नसतात, पण विरुद्ध पक्षाला हरकतीची जागा कशाला ठेवायची?

आता तिघांच्या उत्तरांकडे येऊ.

संकेतस्थळाचे ७ दिवस. मन बदललं, रंग आवडला नाही, अशा परतीसाठी ती मुदत ठीक आहे. चार महिन्यांनी उघड झालेल्या दोषाचा हक्क तिने संपत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० चा नियम ६ सांगतो की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देता येत नाही. त्यात ७ दिवसांची मर्यादा नाही. पण आधी बिलावर ‘विक्रेता’ म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. संकेतस्थळ नुसता बाजार असेल आणि विकणारा वेगळाच असेल, तर संकेतस्थळ मध्यस्थ असल्याचा बचाव घेईल. म्हणून त्यांना लेखी विचारा: विक्रेत्याचं पूर्ण नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, ईमेल. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितल्यास ही माहिती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोहोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल काढायचा असतो. तुमची तक्रार फोनवर नको, ईमेलवर हवी.

वितरकाची ‘वॉरंटी रद्द’. वॉरंटी ही कंपनीने जास्तीची दिलेली हमी आहे. तिच्याशिवायही माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा ही अट माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ ने व्यवहारात येतेच, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या ‘दोषा’च्या व्याख्येत गर्भित (न लिहिलेल्या पण गृहीत) करारानुसार अपेक्षित दर्जाही येतो. त्यामुळे वॉरंटी नाकारली तरी दावा उरतो. वॉरंटीपुरतं बोलायचं तर, जो अपवादाचा आधार घेतो त्याने तो सिद्ध करायचा. ‘अधिकृत डीलरकडूनच जोडणी’ ही अट खरेदीआधी तुम्हाला दाखवली होती का? आणि विक्रीच्या पानावर ‘उरलेली जोडणी घरी करा’ असं लिहिलं असेल, तर एका हाताने घरी जोडायला सांगून दुसऱ्या हाताने त्याच कारणावरून वॉरंटी काढून घेणं आयोगापुढे टिकणं कठीण आहे. हे ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणून मांडा. ‘अनुचित करार’ हा शब्द मात्र टाळा. त्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला दिलाय. जिल्हा आयोगात तो शब्द घातला की अधिकारक्षेत्राच्या हरकतीवर महिने जातात.

वितरक कदाचित मधला मार्ग सुचवेल: ‘क्रॅश रिप्लेसमेंट’ योजनेत नवी फ्रेम सवलतीत घ्या. त्या अर्जात अपघातात फ्रेम मोडली असं लिहिलेलं असू शकतं. तुम्ही पडलाच नाहीत, तर त्यावर सही करू नका. ती सही पुढे तुमच्याच विरोधात वाचली जाईल. सवलत घ्यायचीच असेल तर ‘कबुली न देता, हक्क राखून’ असं स्वतंत्र ईमेलमध्ये लिहून, त्यांचं मान्य असल्याचं उत्तर आल्यावरच घ्या.

दुकानदार. याच्याबद्दल तुम्हाला संकोच वाटत असेल, कारण गावातलाच माणूस आहे. तरी त्याने २,५०० रुपये घेऊन सेवा दिली आणि त्या सेवेची काळजी ही त्याची जबाबदारी. सायकल कुठून घेतली याने ती कमी होत नाही. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश पुरेसे आहेत. बिल न देणं ही स्वतःच अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी त्याच्याकडे जाऊन बसा. टॉर्क रेंच वापरला होता का, किती आकड्यावर, पोस्ट किती आत घातली, हे त्याच्या लेटरहेडवर लिहून मागा. त्याने काम नीट केलं असेल तर तोच तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार ठरेल. तक्रारीत मात्र त्यालाही विरुद्ध पक्ष करा. त्याला वगळलं की उरलेले सगळे गैरहजर माणसावर सगळं ढकलतील.

थोडक्यात, विक्रेता, संकेतस्थळ, वितरक किंवा आयातदार आणि जोडणी करणारा, हे चौघे एकाच तक्रारीत. मागणी ‘एकत्रितपणे किंवा जो जबाबदार ठरेल त्याच्याविरुद्ध’ अशी.

आता सगळ्यात नाजूक जागा: फर्मच्या नावाचं बिल. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार ‘ग्राहक’ ठरत नाही, आणि पहिली हरकत हीच येईल. तुमची फर्म एकल मालकीची असेल तर ती आणि तुम्ही कायद्याने वेगळे नाही, तक्रार तुमच्याच नावाने, ‘प्रोप्रायटर’ म्हणून करा. भागीदारी किंवा कंपनी असेल तर तक्रारदार तीच होईल. दोन्ही बाबतीत वस्तू कोण आणि कशासाठी वापरत होतं हे महत्त्वाचं. खरेदीचा मुख्य हेतू बघायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात सांगितलं, आणि २०२४ मध्ये एका कंपनीने संचालकांच्या वापरासाठी घेतलेल्या मोटारींच्या वादात कंपनी ग्राहक ठरली. सायकलवरून तुम्ही माल पोहोचवत नव्हता, तेव्हा कायदा तुमच्या बाजूने झुकतो. पण जीएसटीच्या विवरणात या सायकलचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल, तर तुम्हीच सरकारला लिहून दिलंय की ही धंद्यासाठी होती. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर क्रेडिट मिळतच नाही (केंद्रीय जीएसटी कायदा, कलम १७(५)). आजच सीएला सांगून ते उलटवा, व्याज लागत असेल तर तेही भरा, आणि तक्रारीत स्वतःहून नमूद करा. विरुद्ध पक्षाने उलटतपासणीत ते बाहेर काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पुढचा क्रम असा. चौघांना १५ दिवसांची नोटीस, स्पीड पोस्टाने पोहोचीसह आणि ईमेलने. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवा. विक्रेते बऱ्याचदा तिथेच हलतात. नाही हलले तर नाशिक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात. तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, त्यामुळे विक्रेता दुसऱ्या राज्यात असला तरी तुम्हाला तिकडे जायला लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं, पण तुम्ही ती सायकल हातात आली त्या दिवसापासून मोजा, म्हणजे वादच नको. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि जास्तीत जास्त १५ दिवस वाढवून मिळतात, त्यापुढे नाही. कायदा ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत निकाल म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतो हे धरून चला.

तक्रारीसोबतच फ्रेम प्रयोगशाळेत तपासण्याचा अर्ज द्या, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(२)(सी) खाली. तपासणीचे पैसे आधी तुम्हालाच भरावे लागतील. अर्जात लिहा की आधी फ्रेम न कापता होणारी तपासणी करावी, अल्ट्रासाउंडसारखी, आणि कापायची वेळ आलीच तर सगळ्या पक्षांसमोर.

काय मागायचं? पूर्ण सायकलचे पैसे मिळतीलच असं समजू नका. दोष एका भागात असेल तर तो भाग बदलून देण्याकडे कल असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात, वॉरंटी भाग बदलण्याची असताना सगळी गाडी बदलून द्या हा आदेश टिकवला नव्हता. म्हणून मुख्य मागणी नव्या फ्रेमची ठेवा. पण फ्रेम बदलताना हेडसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग), बॉटम ब्रॅकेट, आतून गेलेल्या केबल आणि ब्रेकच्या हायड्रॉलिक नळ्या, शिवाय सगळी मजुरी लागते. हे शब्द घातले नाहीत तर रिकामी फ्रेम कुरिअरने येईल. पर्यायी मागणी: तेच मॉडेल नसेल तर २,८५,००० रुपये व्याजासह. शिवाय त्रासाची भरपाई आणि खर्च. ग्राहक संरक्षण कायद्यातलं ‘उत्पादन दायित्वा’चं (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचं) प्रकरण मात्र यात ओढू नका. त्या प्रकरणातल्या ‘हानी’त वस्तूचं स्वतःचं नुकसान येत नाही. तुम्ही पडून हाड मोडलं असतं तर ते लागू झालं असतं, आणि मग जोडणीत हलगर्जी करणाऱ्या विक्रेत्यावरही (कलम ८६).

मित्राच्या २२,००० रुपयांबद्दल. ही रक्कम कशाची आहे ते बिलावर लिहून मिळत असेल तर द्यावी. स्थानिक डीलरकडे विक्री, जोडणी आणि वॉरंटी एकाच हातात येते. तुमच्यासारखे तीन हात एकमेकांकडे बोट दाखवत नाहीत. पण नुसतं दुकान गावात असून हे मिळत नाही. बिल मित्राच्या स्वतःच्या नावाचं हवं. त्यावर फ्रेमचा सिरियल नंबर, ‘पूर्ण जोडणी आणि तपासणीसह’ हे शब्द, सीटपोस्ट, स्टेम (हँडल धरणारा भाग) आणि चाकांच्या एक्सलचे टॉर्क आकडे सहीसह, आणि वॉरंटीची नोंदणी त्याच दिवशी त्याच्या ईमेलवर. डीलर यातलं काही द्यायला तयार नसेल तर जास्तीचे पैसे फक्त त्याच्या दुकानाच्या भाड्याचे आहेत, आणि मग ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. तेव्हा मात्र खोकं न उघडता त्या ब्रँडच्या अधिकृत डीलरकडे न्यायचं, त्याच्यासमोर व्हिडिओ लावून उघडायचं, आणि जोडणीचं जीएसटीसह बिल घ्यायचं. काही अधिकृत डीलर बाहेरून आणलेली सायकल जोडून देत नाहीत, म्हणून ऑर्डर देण्याआधी त्याला विचारून होकार ईमेलवर घ्यायला सांगा.